ड्युटी लिस्ट लागली की आधी काय बघायचं

आमच्या आयसीयूबाहेर, हात धुण्याच्या बेसिनशेजारी, दर शनिवारी दुपारी ड्युटी लिस्ट लागते. नव्या बॅचच्या नर्स मुली धावत येतात आणि एकच बघतात, रविवारी ऑफ आहे का. मीही तेच बघायचे. २००८ साली जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, होऊन बार्शीहून पुण्याला आले तेव्हा पगार साडेचार हजार होता आणि रविवार सोडून दुसरं काही मागायची अक्कल नव्हती. आता मी इन्चार्ज आहे, लिस्ट मीच बनवते, म्हणून सांगते. रविवार शेवटी बघा.

आधी बघायचं ते इव्हनिंगला लागून मॉर्निंग आलीय का. रात्री साडेआठला हँडओव्हर द्यायचा, प्रत्यक्षात वॉर्डातून निघेपर्यंत नऊ वाजतात, आणि सकाळी साडेसातला परत हजर. बस, जेवण, दुसऱ्या दिवशीचा डबा हे वजा केलं तर झोपेला सहा तासही उरत नाहीत. महिन्यात एखाद्या वेळी चालतं, पण आठवड्यात दोनदा आलं तर लिस्ट लागली त्याच दिवशी येऊन सांगा. सोमवारी सांगितलंत तर मला हलवायला माणूस नसतो.

मग नाईटचा हिशेब. आमच्याकडे बारा तासांच्या सहा नाईट आणि त्यानंतर दोन ऑफ. इथे खरा प्रश्न विचारायचा असतो तो असा की, शेवटची नाईट संपवून सकाळी आठला सुटलो तो दिवस ऑफमध्ये धरलाय का? बऱ्याच ठिकाणी धरतात. म्हणजे कागदावर दोन ऑफ, त्यातला एक तुम्ही पडदे ओढून झोपण्यात घालवता. नोकरी धरतानाच हे विचारून घ्या. इंटरव्ह्यूत हा प्रश्न विचारणारी मुलगी मला आवडते, कारण तिला काम काय असतं ते कळलेलं असतं.

नाईटला जाण्याआधी दुपारी दोन-अडीच तास झोपायचंच. घरच्यांना ते पटायला माझ्याकडे दोन वर्षं लागली; सासूबाईंना वाटायचं, सून दिवसा लोळते. पहाटे तीननंतर चहा बंद, नाहीतर घरी जाऊन टक्क जागं राहावं लागतं. आणि सहा नाईट झाल्यावर स्कूटी चालवत घरी जायचं नाही. मी हडपसरला सिग्नलवर डोळा लागून रिक्षावर जाऊन आदळले आहे. नशीब, गाडी जवळजवळ थांबलेलीच होती. तेव्हापासून शेवटच्या नाईटला बसने.

ड्युटी बदलून घ्यायची असेल तर तोंडी बोलू नका. एका वर्षी गौरीसाठी मी एका मैत्रिणीशी ड्युटी बदलली, तिला त्या दिवशी ताप आला, ती आली नाही, आणि लिस्टवर नाव माझं असल्यामुळे गैरहजेरी माझी लागली. दोघींची सही, तारीख, इन्चार्जची सही, एवढं केलं की झालं. सणांसाठी आमच्या वॉर्डात एक जुनी पद्धत आहे. मलयाळी सिस्टर्स ओणम आणि नाताळ घेतात, आम्ही गौरी-गणपती आणि दिवाळी घेतो. कोण कोणासाठी थांबलं हे मी वहीत लिहून ठेवते, कारण पुढच्या वर्षी सगळ्यांना स्वतःचाच त्याग आठवतो.

रजा नाकारली तर लगेच वैर धरू नका. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात रजेसाठी ३० टक्के जादा नर्सेस धरायला सांगितलंय. आयसीयूत एका पेशंटला एक नर्स हाही निकषच आहे. माझ्याकडे आज दहा बेडला पाच जणी आहेत. तेव्हा लग्नाची तारीख दोन महिने आधी लेखी द्या आणि बदल्यात मी कुठली नाईट घेईन तेही त्यातच लिहा. असा अर्ज मी शक्यतो परत पाठवत नाही.

आता पगार.

इंटरव्ह्यूत सांगतात ती रक्कम आणि खात्यात येते ती रक्कम यांत फरक असतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण तो कुठून येतो हे विचारायला लाज वाटते. एक हिशेब मांडते. ‘बावीस हजार’ सांगितले. त्यातला मूळ पगार १२,००० आणि भत्ते धरून स्लिपवर २०,०००. बाकीचे साधारण दोन हजार म्हणजे हॉस्पिटलने भरायचा पीएफ १,४४० आणि ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, ६५०. ते तुमच्या नावावर दाखवले जातात, हातात येत नाहीत. आता या २०,००० मधून तुमचा पीएफ १२ टक्क्यांनी १,४४० आणि ईएसआय पाऊण टक्क्याने १५० गेला. हातात १८,४१०. हॉस्टेल आणि मेस कापत असतील तर आणखी कमी. म्हणून इंटरव्ह्यूत सरळ विचारायचं, “हातात किती, आणि मूळ पगार किती?” मूळ पगार मुद्दाम कमी ठेवला असेल तर पीएफ कमी जातो आणि नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटीही कमी बसते.

स्लिपवर प्रोफेशनल टॅक्स कापलाय का तेही बघा. महाराष्ट्रात २०२३ पासून महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो लागत नाही. आमच्याच एका ज्युनिअरचे दरमहा २०० जात होते. अकाउंट्सला विचारल्यावर थांबले. ब्रदर लोकांना, म्हणजे पुरुष नर्सना, मात्र ही सवलत नाही, ते दरवेळी माझ्याकडे बघून सुस्कारा टाकतात.

नोकरी बदलताना पीएफ काढून घ्यायचा मोह होतो. काढू नका, यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तोच ठेवून ट्रान्स्फर करा. पीएफमधल्या पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि ती वेगवेगळ्या हॉस्पिटलांतली मिळून चालते. मी पहिल्या नोकरीचा पीएफ काढला आणि त्याची सोन्याची चेन केली. चेन बसमध्ये गेली.

ग्रॅच्युइटीचं तर मी स्वतःचं नुकसान करून शिकले. दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये मला चार वर्षं चार महिने झाले होते. भावाच्या साखरपुड्याची रजा ऐनवेळी रद्द झाली, मी रागाच्या भरात राजीनामा टाकला. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १०,४०० होता. पाच वर्षं पूर्ण केली असती तर दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून, म्हणजे ६,००० गुणिले पाच, ३०,००० मिळाले असते. पुढच्या वर्षी पोस्ट बेसिकची, म्हणजे जीएनएमनंतरच्या बीएस्सी डिग्रीची, फी भरताना हेच तीस हजार मी मावशीकडून उसने घेतले. राजीनामा जरूर द्या, पण आधी कॅलेंडर बघा. गरोदर असाल तर आणखीच सांभाळून: आदल्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असेल तर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा हा हक्क आहे, आणि ईएसआयमध्ये असाल तर ते पैसे ईएसआयकडून येतात.

खासगीत किती पगार असायला हवा याचा एक आकडा तुम्हाला माहीत असावा. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निर्देशावरून केंद्राने समिती नेमली होती. तिने सुचवलं की २०० पेक्षा जास्त बेडच्या हॉस्पिटलांनी राज्य सरकारच्या नर्सइतका पगार द्यावा. १०० ते २०० बेड असतील तर फार तर १० टक्के कमी. ५० ते १०० बेडला फार तर २५ टक्के कमी. आणि त्याहून लहान असेल तरी २०,००० च्या खाली नको. शिफारस आहे, त्यामुळे एचआरपुढे कागद नाचवून पगार वाढत नाही. मी नाचवून पाहिलाय. पण आपण किती खाली बसलोय ते तरी कळतं. राज्यात अधिपरिचारिकेची, म्हणजे स्टाफ नर्सची, वेतनश्रेणी ३५,४०० पासून सुरू होते आणि केंद्रात, एम्समध्ये, नर्सिंग ऑफिसरची ४४,९०० पासून. त्यावर महागाई भत्ता, घरभाडं आणि केंद्रात वेगळा नर्सिंग अलाउन्स.

डबल ड्युटी लागली की त्याच दिवशी विचारा, बदली ऑफ मिळणार की पैसे. आणि वहीत लिहा. महिनाअखेरीला कुणाला काही आठवत नसतं.

शिक्षणाकडे वळताना मुली मला विचारतात, “सिस्टर, पोस्ट बेसिक करू की एमएस्सी?” मी आधी वय विचारते. कारण परीक्षांना वय असतं, कॉलेजला तेवढं नसतं. एम्सची नॉरसेट ही नर्सभरतीची परीक्षा खुल्या गटाला तिसाव्या वर्षापर्यंतच देता येते, ओबीसींना तीन आणि एससी-एसटींना पाच वर्षांची सूट. बीएस्सी असेल तर अनुभव लागत नाही. जीएनएमला मात्र किमान ५० बेडच्या हॉस्पिटलमधला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून पहिली नोकरी निवडताना दोन हजार जास्त देणाऱ्या वीस बेडच्या नर्सिंग होमपेक्षा साठ बेडचं हॉस्पिटल बरं, आणि सोडताना अनुभवाच्या दाखल्यावर बेडची संख्या लिहून घ्यायची. राज्याच्या भरतीत खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत वेळ असतो. तेव्हा सव्विसाव्या वर्षी असाल तर आधी नॉरसेटचा अभ्यास, डिग्री नंतरही होते. नॉरसेट २०२० मध्ये सुरू झाली तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते.

माझं पोस्ट बेसिक बीएस्सी २०१५ ते २०१७, दोन वर्षं पूर्ण वेळ. मुलगा तीन वर्षांचा, तो बार्शीला सासूबाईंकडे. दिवसा लोळणाऱ्या सुनेला पुस्तक घेऊन बसलेलं पाहून त्यांचं मत जरा बदललं. पास होऊन आले तेव्हा डिग्रीमुळे पगारात लगेच वाढ झाली ती दोन हजारांची. हे कुणी आधी सांगत नाही. फायदा उशिरा झाला, तीन वर्षांनी इन्चार्जची जागा निघाली तेव्हा डिग्रीवाल्या आम्ही दोघीच होतो.

शिकवायची आवड असेल तर एमएस्सी. त्याला बीएस्सी आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. वर्ग, असाइनमेंट, पीपीटी नको वाटत असतील आणि पेशंटजवळच राहायचं असेल तर एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमे बघा: क्रिटिकल केअर, नवजात बालकं, ऑन्कोलॉजी, ऑपरेशन थिएटर. बीएस्सीवाल्यांसाठी क्रिटिकल केअरमध्ये नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी कोर्सही आहे. गावाकडे परत जायचं असेल तर समुदाय आरोग्य अधिकारी हा पर्याय आहे. उपकेंद्रावर नेमणूक, २५,००० मानधन आणि कामावर आधारित १५,००० पर्यंत मोबदला, मात्र कंत्राटी.

कुणी ‘नॉन-अटेंडिंग’ ॲडमिशन देतो म्हणाला तर उठून या. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि डिग्री हातात पडण्याआधी प्रॅक्टिकल शंभर टक्के पूर्ण करावं लागतं. पुढे परदेशात अर्ज केलात की ते कॉलेजकडून तास न् तास मोजून ट्रान्स्क्रिप्ट मागतात, आणि तिथे खोटं उघडं पडतं. परदेशाचंच म्हणाल तर भाषा आधी, एजंट नंतर. ब्रिटनसाठी ओईटी या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकणं, वाचणं, बोलणं यांत बी आणि लिहिण्यात सी प्लस लागतो. आमच्या बहुतेक मुली लिहिण्यात अडकतात. सेवाशुल्क म्हणून ३०,००० आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त घ्यायची परवानगी भारतातल्या भरती एजंटला नाही. लाखात बोलणारा असेल तर त्याचा परवाना क्रमांक विचारा आणि तो गप्प कसा होतो ते बघा.

मूळ सर्टिफिकेटं हॉस्पिटलला ठेवायला देऊ नका. पहिल्या नोकरीत माझी अकरा महिने मेट्रनच्या कपाटात होती आणि ती सोडवायला वडील बार्शीहून तीनदा आले. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, पिशवीत परत.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं असतं आणि त्यासाठी सीएनईची, म्हणजे नोकरीत असताना केलेल्या पुढच्या शिक्षणाची, सर्टिफिकेटं लागतात. ती वर्षाला थोडी-थोडी गोळा करा. शेवटच्या महिन्यात सगळ्या एकदमच वेबिनार शोधत बसतात. मोबाइलमध्ये संपण्याच्या तारखेच्या सहा महिने आधीचा गजर लावा.

आणि लग्न झालं की नावाचा घोळ. आधार सासरच्या नावावर, डिग्री माहेरच्या, कौन्सिल तिसऱ्याच स्पेलिंगचं. बदलायचं असेल तर गॅझेट करून सगळीकडे एकदमच बदला, नाहीतर कुठेच नको. माझ्या ओळखपत्रावर, रजिस्ट्रेशनवर आणि बँकेत अजून माहेरचंच आडनाव आहे. सासरी विचारतात अधूनमधून. मी सांगते, कौन्सिलच्या खिडकीवर रांग फार असते.