नायट्रोजन भरण्याआधी तेलाकडे बघा: अ‍ॅक्युम्युलेटरवर नव्याने काम करणाऱ्यांसाठी

लोटे एमआयडीसीत नव्याने लागलेली आयटीआयची पोरं मला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात: अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये नायट्रोजन किती भरायचा? अ‍ॅक्युम्युलेटर म्हणजे हायड्रॉलिक मशीनचं दाबाखालचं तेल साठवणारी पोलादी बाटली; तिच्यातल्या रबरी फुग्यात, म्हणजे ब्लॅडरमध्ये, नायट्रोजन असतो. प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. आकडा ड्रॉइंगवर असतो. नसेल तर ऊर्जा साठवायला लावलेल्या ब्लॅडर टाइपसाठी कमीत कमी वर्किंग प्रेशरच्या ०.९ पट धरतात. धक्के शोषायला लावलेला असेल तर त्याहून कमी. प्रेस १०० ते १५० बारमध्ये चालत असेल तर प्रीचार्ज, म्हणजे आत तेल नसतानाचा गॅसचा दाब, ९०. झालं.

माझी गाडी अडली ती दुसऱ्याच ठिकाणी, आणि अजून प्रत्येक नव्या माणसाची तिथेच अडते. आत किती गॅस आहे ते मोजायचं कधी?

ब्लॅडरच्या एका बाजूला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला तेल, मध्ये नुसतं रबर. तेल १५० बारला असेल तर गॅसही १५० लाच असणार. अशा वेळी गॅस वॉल्व्हवर चार्जिंग किट (गॅस मोजायचं-भरायचं, गेज असलेलं साधन) चढवून वॉल्व्ह उघडणारं टी-हँडल फिरवलंत की काटा १५० दाखवतो. तो प्रीचार्ज नव्हे, ते सिस्टिमचं प्रेशर. पण नवा माणूस म्हणतो, अरेच्चा, ९० हवं होतं, कुणीतरी जास्त भरून ठेवलंय! आणि बसतो गॅस सोडत.

आता हिशेब बघा. २० लिटरचा अ‍ॅक्युम्युलेटर, ९० ला बरोबर भरलेला. तेल १५० ला आल्यावर गॅस आकसून साधारण १२ लिटरचा झाला. तुम्ही तेलाचा वॉल्व्ह बंद ठेवून गॅस सोडलात आणि काटा ९० वर आणलात. नंतर तेल काढलं की तोच १२ लिटर गॅस परत २० लिटरमध्ये पसरणार आणि उरणार जेमतेम ५४ बार. म्हणजे धडधाकट अ‍ॅक्युम्युलेटरची वाट लावून वर रजिस्टरमध्ये '९० बार, ओके' लिहिलंत. दुसऱ्या दिवशी पंप सारखा लोड-अनलोड होतो (दर थोड्या वेळाने दाब भरतो आणि थांबतो) आणि सगळे शिव्या देतात पंपाला.

याहून वाईट प्रकार म्हणजे ब्लॅडर फाटलेला असला तरी काटा १५० च दाखवतो, कारण गॅसच्या बाजूला तेलच पोचलेलं असतं. सोडलेल्या गॅसबरोबर तेल आलं की समजा ब्लॅडर गेला.

म्हणून आधी तेलाची बाजू शून्य. हे सगळ्यांना पाठ असतं, पण खरी मेख पुढे आहे. मी एकदा एका जुन्या फिटर काकांना म्हटलं, "काका, काटा शून्यावर आलाय." त्यांनी वळूनसुद्धा न बघता विचारलं, "कुठचा काटा?" मी बघत होतो पंपाजवळचा गेज. पंप बंद केला की तो शून्यावर येतोच. पण पंप आणि अ‍ॅक्युम्युलेटरच्या मध्ये नॉन-रिटर्न वॉल्व्ह (तेल एकाच दिशेने जाऊ देणारा) असतो, आणि त्याच्या पलीकडे अख्खं १५० बार तसंच बसलेलं असतं. मेन स्विच काढा, फ्यूज काढा, त्याला काही फरक पडत नाही. अ‍ॅक्युम्युलेटरच्या ब्लॉकवरचाच, म्हणजे त्याला जोडलेल्या वॉल्व्हच्या ठोकळ्यावरचाच, गेज बघायचा. तिथे गेज नसेल तर टेस्ट पॉइंटला (गेज जोडायच्या तोंडाला) स्वतःचा लावायचा. टाकीकडे जाणारा ड्रेन उघडायचा आणि काम संपेपर्यंत उघडाच ठेवायचा.

आणि तो ड्रेन सावकाश उघडा, कारण त्यात फुकटची तपासणी होऊन जाते. ब्लॉकवरच्या काट्यावर नजर ठेवा. १५०, १३०, ११० असा तो हळूहळू उतरतो आणि एका जागी येऊन एकदम शून्यावर पडतो. जिथून पडला, तो तुमचा प्रीचार्ज. ९० च्या आसपास पडला तर अ‍ॅक्युम्युलेटर ठीक आहे, किट काढायचीही गरज नाही. दर वेळी किट लावलं की थोडा गॅस जातोच, त्यामुळे मला तर हीच पद्धत आवडते. काटा सुरुवातीलाच धाडकन खाली आला तर मात्र गॅस नाही असं धरा.

एवढं वाचून घाबरून जाऊ नका. पहिल्या वेळी हात थरथरतो, सगळ्यांचाच थरथरतो. "गेज कशाला, हात लावला की कळतं" म्हणणाऱ्या उस्तादापासून मात्र चार हात लांब राहा. शेल, म्हणजे बाहेरचं पोलादी कवच, कोमट आहे की गार, एवढंच हाताला कळतं. आपल्याकडे असे उस्ताद फार, आणि ते बोलायला गोड असतात.

एका गोष्टीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही. शटडाउन बहुतेक गणपतीच्या सुट्टीत काढतात. महामार्गावर चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग, नायट्रोजनचा सिलिंडर वाटेत अडकलेला, आणि कुणीतरी म्हणतं, वेल्डिंगचा ऑक्सिजन आहे ना, तोच भरा! ऑक्सिजन, तेल आणि दाब एकत्र आले की स्फोट होतो. होऊ शकतो नव्हे, होतो असंच धरून चाला. कॉम्प्रेसरची हवासुद्धा नको, तिच्यातही ऑक्सिजन आहेच. आपल्याकडे नायट्रोजनचा सिलिंडर राखाडी, मानेला काळा पट्टा. ऑक्सिजनचा अख्खा काळा. पण खाऱ्या हवेत रंग उडतात, गंजतात, तेव्हा लेबल वाचल्याशिवाय नळी जोडू नका. उलटे आटे ज्वलनशील गॅसला असतात, त्यामुळे आटे बसले म्हणजे गॅस बरोबर, असं समजू नका. काम अडलं तर अडू दे.

भरताना घाई हा दुसरा शत्रू. नवा ब्लॅडर टाकला असेल तर आधी शेलमध्ये थोडं स्वच्छ तेल फिरवून घ्या, कोरडं रबर घासून फाटतं. सिलिंडरचा वॉल्व्ह किंचितच उघडा. सुरुवातीचे दोन-तीन बार तर अगदी हळू, म्हणजे ब्लॅडर नीट उलगडतो. एकदम सोडलात तर तो खालच्या, तेलाच्या तोंडावरच्या पॉपेट वॉल्व्हमध्ये अडकतो आणि कापला जातो. भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण १५० बार असतात, त्यामुळे मध्ये नायट्रोजनचाच रेग्युलेटर हवा. गॅस वॉल्व्हच्या सरळ रेषेत तोंड कधी आणू नका.

भरून झालं की लगेच आकडा लिहू नका. अर्धा तास जाऊ द्या, तापमान सारखं झाल्यावर पुन्हा बघा. ड्रॉइंगवरचा आकडा बहुधा २० अंशांचा असतो आणि आपली पत्र्याची शेड मे महिन्यात सहज ४० ला जाते. २० अंशांना १०० बार असलेला गॅस ४० ला साधारण १०७ दाखवतो. तो जास्तीचा गॅस समजून सोडलात तर पावसाळ्यात कमी पडतो. म्हणून रजिस्टरमध्ये प्रेशरच्या शेजारी तापमानाचा रकाना आखून घ्या. साहेबांनी सांगितलं नसलं तरी आखा.

नवा ब्लॅडर पहिल्या आठवड्यात एकदा तपासा, मग काही महिन्यांनी, स्थिर असेल तर वर्षातून एकदा चालतं. वर्षाचं काम मी पावसाळा संपल्यावर करतो, कारण तेव्हा गंजही दिसतो. उघड्यावरच्या शेलपेक्षा क्लॅम्पच्या पट्ट्याखाली बघा. रबराच्या पट्टीमागे पाणी मुरतं आणि वरून रंग छान दिसत असताना खाली पापुद्रे सुटलेले असतात. खोल खड्डे दिसले तर वरिष्ठांना दाखवा. शेलवर वेल्डिंगचा टाकासुद्धा मारायचा नाही, मग तो नुसत्या ब्रॅकेटसाठी का असेना.

घाटात पोकलेनवर खडक फोडायचा ब्रेकर चालवणारेही मला हेच विचारतात. ब्रेकरच्या मागच्या डोक्यातला नायट्रोजन हा वेगळा मामला, त्याचं प्रेशर खूपच कमी असतं आणि प्रत्येक मॉडेलचं निराळं. छिन्नी जमिनीवर दाबलेली असताना घेतलेला आकडा चुकतो, तेवढं सांभाळा. बाकी मॅन्युअल.

गॅस वॉल्व्हच्या टोपीखालची ओ-रिंग आधीच मागवून ठेवा. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे बहुतेक तिथेच येतात, आणि तीच नेमकी ऐन वेळी खेडात किंवा चिपळुणात मिळत नाही.