पोर्ट्रेटमधले केस टोपासारखे दिसतात? या चुका टाळा

चेहरा छान जमतो आणि केसांपाशी चित्र बिघडतं. बहुतेकदा कारण एकच असतं: सुरुवातच बारीक ब्रशने होते. एकेक केस ओढत गेलं की डोक्यावर तारा रोवल्यासारख्या दिसतात. आधी डोळे किलकिले करून बघा. केस दिसेनासे होतात, उरतात उजेडाचे आणि सावलीचे दोन-तीन मोठे आकार. ते चपट्या ब्रशने, कवटीची गोलाई धरून भरा. सुटे केस सगळ्यात शेवटी, रिगर ब्रशने (लांब, बारीक केसांचा ब्रश), तेही मोजून १०-१२.

ट्यूबमधला काळा थेट लावू नका, केसांच्या जागी भोक पडल्यासारखं दिसतं. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरिन ब्लू (गडद निळा) मिसळून गडद रंग करा. तो हवा तसा उबदार किंवा थंड करता येतो. तैलरंगात आणखी एक गोष्ट सांभाळा. आयव्हरी ब्लॅक हा ट्यूबमधला काळा सावकाश वाळतो, अंबर लवकर. काळ्याच्या जाड थरावर अंबर चढवला तर पुढे तडे जाण्याची भीती असते.

चमकेबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय. शेजारच्या आजींचं चित्र काढत होते. तेल लावून चापून विंचरलेले केस, मधोमध भांग. चमकेला मी शुद्ध पांढरा लावला आणि डोक्यावर चुना सांडल्यासारखं झालं. त्या खिडकीशी बसल्या होत्या; चमकेत आकाश उतरलं होतं. निळसर करडा लावला तेव्हा ती केसांवर बसली. तेलकट केसांची चमक अरुंद आणि ठसठशीत असते, न्हाऊन सुकवलेल्या केसांची पसरट, मऊ. ती केसांच्या लांबीने धावत नाही, डोक्याच्या गोलाईवर आडवी पडते.

कपाळाशी कडक रेघ आली की टोप झालाच. त्वचेचा रंग ओला असतानाच केसांचा रंग त्यात हलकेच ओढा. भांगातही पांढरी रेघ नको, त्वचेचाच रंग हवा, जरा सावळा.

हे नागपूरच्या मे महिन्यात ॲक्रिलिकने करणं अवघड. पारा ४५ कडे गेला की रंग पॅलेटवरच सुकतो, कडा मऊ होत नाहीत. कूलरचा झोत कॅनव्हासवर येऊ देऊ नका, सकाळी लवकर बसा, रंगात थोडं रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) घाला. जास्त घातलं तर थर चिकट राहतो.

आणि तारांसारखे केस आधीच रंगवून झाले असतील तर चित्र टाकून देऊ नका. पूर्ण वाळू द्या, वरून अंबरचा पातळ थर फिरवा, उजेडाच्या जागी कापडाने पुसून घ्या आणि तिथे दोन झुपके नव्याने काढा.