वॉरंटी संपायच्या आत घरातली लपलेली ओल कशी शोधावी

आधी करार काढा आणि मुदत बघा. वॉटरप्रूफिंग, प्लंबिंग आणि बांधकाम यांची मुदत एकच असेल असं नाही. जी सगळ्यात आधी संपते ती धरा आणि तिच्या दोन-तीन महिने आधी कामाला लागा. ओल एका दिवसात सापडत नाही. पाणी सोडायचं, थांबायचं, परत मोजायचं, असं हे काम आहे. मधे पाऊस येणार असेल तर उत्तमच.

डाग, पोपडे, रंगाचे फुगे, भिंतीवरचे पांढरे क्षार हे सगळ्यांना दिसतंच. न दिसणारं बघायचं तर कपाटं भिंतीपासून ओढा, सिंकखालचा कप्पा रिकामा करा, बाथरूमला लागून असलेल्या खोलीतली स्कर्टिंग हाताने चाचपा. कुबट वास येत असेल तर रूम फ्रेशनर मारू नका, वास कुठून येतोय ते शोधा.

आता ओल मोजायचं यंत्र, मॉइश्चर मीटर. त्याने काहीही मोजण्याआधी, म्हणजे संशय असलेल्या जागेला हात लावण्याआधी, कोरड्या भिंतीचं रीडिंग घ्या. मागच्या वेळी माझ्याकडून नेमकं हेच राहिलं आणि सगळे आकडे फुकट गेले. सुयांचं मीटर दोन सुयांमधला विद्युतरोध मोजतं आणि त्यावरची टक्केवारी बहुधा लाकडासाठी बसवलेली असते. प्लास्टरवर ती खरी टक्केवारी नसते, फक्त तुलनेला उपयोगी पडते. आणि तुलना करायला कोरडी भिंत हवी! आतली, बाथरूमपासून लांबची, बाहेरचा पाऊस न लागणारी. प्लास्टर तेच, रंग तोच. तिथे चार-पाच जागी मोजा, लिहून ठेवा, फोटो काढा. मगच संशयाच्या भिंतीकडे वळा.

बिल्डरचा माणूस म्हणणार, ‘नवीन बांधकाम आहे, सुकेल.’ काँक्रीट सुकायला बरेच महिने लागतात हे खरंच आहे. पण मग घरभर साधारण सारखी ओल दिसायला हवी. एकाच भिंतीचा आकडा कोरड्या भिंतीच्या कितीतरी वर असेल तर पाणी कुठूनतरी येतंय. कोरड्या भिंतीचं रीडिंग नसेल तर हे त्याला कशाच्या जोरावर सांगणार? मात्र क्षार किंवा प्लास्टरमागचं लोखंड यांनीही आकडा फुगतो, म्हणून एका टोचणीवर निकाल देऊ नका.

ओल भिंतीतून येतेय की हवेतली वाफ गार भिंतीवर जमतेय, हे फॉइलने कळतं. अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडांना टेप लावून भिंतीवर घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. खोलीच्या बाजूला थेंब आले तर हवेतली वाफ, भिंतीच्या बाजूला आले तर पाणी आतून येतंय. वाफेचा दोष बिल्डरच्या माथी मारायला गेलात तर खरी तक्रारही हलकी पडेल.

बाथरूममध्ये जाळीचं तोंड घट्ट बंद करून उंबरठ्याच्या खाली राहील इतकं पाणी २४ तास साठवा. भरण्याआधी आणि नंतर पलीकडची भिंत व खालचं छत मोजा. खाली दुसऱ्या कुणाचं घर असेल तर त्यांना आधी सांगा.

खिडक्यांवर बाहेरून पाईपने पाणी मारताना खालून सुरुवात करा आणि हळूहळू वर जा. वरून मारलं तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि कुठला सांधा गळतोय ते कळत नाही. जोराचा फवारा नको. विजेच्या बोर्डांपासून लांब राहा.

थर्मल कॅमेरा ओल दाखवत नाही, तापमान दाखवतो. गार दिसलेली जागा मीटरने तपासा. अर्थात कोरड्या भिंतीशी ताडून.

पाइपांसाठी सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा दोन तासांनी परत बघा. कमोडच्या टाकीत खायचा रंग टाका. फ्लश न करता भांड्यात उतरला तर टाकी गळतेय. गच्ची, बाल्कनीचे उतार, एसीचं पाणी हेही बघून घ्या.

तक्रार लेखी, मुदतीच्या आत, पोचपावतीसह. सोबत तारखेचे फोटो आणि दोन्ही रीडिंग, कोरड्या भिंतीचं पहिलं. दुरुस्तीनंतर त्याच जागा, तेच मीटर, परत मोजा. नुसता रंग मारून गेले तर सही करू नका.