जुना राउटर फेकू नका, स्विच म्हणून लावा

नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या छोट्या ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला आणि राउटरचे पोर्ट, म्हणजे केबल घालायच्या जागा, संपले. बर्डीच्या बाजारात जाऊन स्विच (एका केबलवरून अनेक कॉम्प्युटर जोडणारा डबा) आणता आला असता, पण मे महिन्यातल्या दुपारी बर्डीवर कोण जाणार! कपाटात जुना वायफाय राउटर धूळ खात पडला होता, तोच कामी आला.

राउटरच्या मागे तीन-चार सारखे पोर्ट असतात, ते लॅनचे, म्हणजे ऑफिसातली यंत्रं जोडायचे. बहुतेक वेळा वेगळ्या रंगाचा एक असतो, तो वॅनचा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या इंटरनेटचा. लॅनच्या पोर्टांमागे आत मुळात स्विचच बसवलेला असतो. म्हणून मुख्य राउटरकडून आलेली केबल जुन्याच्या लॅन पोर्टात घाला, वॅन रिकामाच ठेवा.

त्याआधी जुन्या राउटरला एकटा लॅपटॉप जोडून दोन कामं उरका. त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) बदला: मुख्य राउटर 192.168.1.1 असेल तर याला 192.168.1.250 असा, मुख्य राउटर इतर यंत्रांना वाटून देत नाही असा पत्ता द्या. मग डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारी सोय, बंद करा. मी पहिल्यांदा हेच विसरलो. दोन्ही राउटर पत्ते वाटत बसले. कुणाचं नेट चालू, कुणाचं बंद, प्रिंटर तर गायबच!

जुने पोर्ट बऱ्याचदा 100 एमबीपीएस (सेकंदाला 100 मेगाबिट) वेगाचे असतात. टॅली आणि प्रिंटसाठी तेवढं पुरे, मोठे व्हिडिओ कॉपी करताना मात्र चहा होतो.

आणि हो, एकाच केबलची दोन्ही टोकं चुकूनही त्याच डब्यात खुपसू नका. सगळं नेटवर्क ठप्प होतं.