'कचोऱ्या'च्या 'कचोर्या' का होतात? 'ऱ्य' टाइप करताना या चुका टाळा

इंदूरमध्ये मराठी लिहिणाऱ्या पुष्कळांच्या फोनवर हिंदीचाच कळफलक असतो. य आणि ह यांच्या डावीकडे चिकटणारा अर्धा र हिंदीला लागत नसल्यामुळे तो तिथे सहजासहजी सापडत नाही, आणि मग सराफ्यातल्या कचोऱ्यांच्या 'कचोर्या' होतात, बऱ्हाणपूरचे 'बर्हाणपूर' होते. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या पत्रकात एकदा 'आचाऱ्यांना शिधा द्यावा' याऐवजी 'आचार्यांना' असे छापले गेले, म्हणजे स्वयंपाक्यांच्या जागी गुरुजन आले. लिहिणाऱ्याला शब्द नीट ठाऊक होता. संगणकाकडे गेलेले संकेत मात्र दुसऱ्याच शब्दाचे होते.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे र, हलन्त चिन्ह आणि य या क्रमाने टाइप करणे. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकाच्या, नियमाप्रमाणे जोडाक्षराच्या आरंभी असा र आला की त्याचा रफार होतो, म्हणून 'सूर्य' आणि 'आचार्य' यांच्यासाठी हा क्रम अचूक आहे. 'कचोऱ्या'साठी मात्र ०९३१ क्रमांकाचा ऱ, त्यानंतर हलन्त चिन्ह आणि मग य हवा. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिपींच्या प्रमाणित कळफलकावर र ज्या 'जे' कळीवर आहे, तीच शिफ्टसह दाबली की ऱ मिळतो. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये हा क्रमांक रोमन अंकांत लिहून लगेच ऑल्ट आणि 'एक्स' दाबले तरी चालते. (कृष्णपुऱ्यातल्या 'छत्र्या' लिहिताना ही अडचण येत नाही, कारण तिथे र आधीच त ला जोडलेला असतो.)

फोनवर ऱ दिसला नाही तरी अडू नये. 'ज़रा' लिहिण्यासाठी हिंदी कळफलकावर नुक्ता, म्हणजे अक्षराखालचे टिंब, असतो. र ला तो दिला की ऱ तयार होतो आणि युनिकोड या दोन्ही रूपांना समतुल्य मानते.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. र आणि हलन्त चिन्ह यांच्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घातले तरी पडद्यावर हुबेहूब 'ऱ्य' दिसतो. ही पद्धत युनिकोडला मान्य आहे, पण अदृश्य चिन्हे गाळून टाकणाऱ्या एखाद्या अर्जात किंवा प्रणालीत तो मजकूर गेला की जोडचिन्ह नाहीसे होते आणि रफार परत येतो. शिवाय हे रूप ऱ शी समतुल्य नसल्याने साध्या शोधात एकाच शब्दाची दोन रूपे एकमेकांना सापडत नाहीत. म्हणून मी सर्वत्र ऱ वापरण्याचाच आग्रह धरतो. कोणते रूप वापरले आहे ते पाहण्यासाठी 'ऱ्य'च्या शेवटी जाऊन बॅकस्पेसने एकेक चिन्ह पुसावे: शेवटी खाली टिंब असलेला ऱ उरला तर मजकूर ठीक आहे, साधा र उरला तर आत जोडचिन्ह होते.

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणल्यावर हीच जागा आधी तपासावी. मात्र सगळे 'र्य' एका आदेशात बदलून टाकू नयेत, कारण त्याच फटक्यात 'कार्य', 'मर्यादा' आणि 'सूर्य' हे बरोबर असलेले शब्दही बिघडतात. 'र्ह' बदलताना 'अर्हता' बिघडते. प्रत्येक शब्द पाहूनच बदलावा.