महालात जोडप्यांचा वॉक घ्यायचाय? आधी ओढून आणलेल्या माणसाकडे पाहा

हल्ली बरेच जण विचारतात की ताई आम्हालाही हेरिटेज वॉक सुरू करायचाय, काय शिकावं, कुठून सुरुवात करावी, पैसे सुटतात का. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. मी नागपुरात महालात, म्हणजे महाल नावाच्या जुन्या वस्तीत, वॉक घेते, मूर्तिकारांच्या चितारओळीपासून गांधीसागर तलावापर्यंत, अन् फक्त जोडप्यांसाठी. नवीन लग्न झालेली, साखरपुडा झालेली, रिटायर झालेली, कॉलेजातली, सगळी येतात.

कोणत्याच कोर्समध्ये न सांगितलेली गोष्ट आधी सांगते. दोघं येतात ना, त्यातल्या एकालाच यायचं असतं. दुसऱ्याला ओढून आणलेलं असतं. बुकिंग करणारा माणूस तुम्ही काहीही सांगा, ऐकतोच, त्याला पूर्ण वंशावळ वाचून दाखवली तरी तो खूश. तुमचं खरं गिऱ्हाईक म्हणजे तो दुसरा, जो पहिल्याच चौकात मोबाईल काढून स्कोअर पाहून राहिलाय, किंवा ती, जिची सँडल टोचून राहिली अन् जी सारखी 'अजून किती चालायचंय' विचारते. हा दुसरा कंटाळला की पहिल्याचाही मूड जातो, त्याला आपणच आणलं म्हणून अपराधी वाटायला लागतं, मग दोघांची मागे कुजबुज सुरू, अन् मग तुम्ही नागपूरच्या रघुजीराजे भोसल्यांवर कितीही छान बोला, काही उपयोग नाही. माझा रूट, गोष्टी, चहाची जागा, सगळं या दुसऱ्या माणसाच्या हिशोबानं ठरवलेलं आहे.

रूट असा. मेट्रोच्या अॅक्वा लाइनवर चितारओळी चौक नावाचं स्टेशनच आहे, सगळ्यांना तिथंच बोलवायचं, महालात गाडी लावायच्या भानगडीत कोणाला पडू द्यायचं नाही, कारण अर्धी भांडणं पार्किंगवरूनच सुरू होतात (नवरा-बायकोची, माझी नाही). तिथून चितारओळ, बडकस चौक, कोतवालीचा भाग, रुक्मिणी मंदिर, कल्याणेश्वर, भोसल्यांचा वाडा बाहेरून, मग गांधी गेट अन् शेवटी गांधीसागर. क्रम थोडा मागेपुढे करा, पण दिशा हीच ठेवा. सकाळी या बाजूनं निघालं की ऊन पाठीवर राहतं, उलटं आलात तर सगळे डोळ्यांवर हात धरून चालतात. सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चमध्ये लवकर निघून कसंबसं जमतं, एप्रिल-मे विसरा, नागपूरचं ऊन माहीतच आहे. पावसाळ्यात गणपतीच्या आधी चितारओळीत मूर्तींचं काम जोरात असतं, तेव्हा नुसता चितारओळीचा छोटा वॉक घ्यावा, त्याला फार मागणी असते. फक्त कारागिरांच्या हाताखाली घोटाळायचं नाही, त्यांचे कमाईचे दिवस असतात ते.

आता गोष्टी. नवीन गाइड लोक सनावळीनं सुरू करतात, १७०२ मध्ये देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शाहनं बारा वस्त्या मिळून नागपूर वसवलं, मग त्याचा मुलगा चांद सुलतान, मग भोसले. खरं आहे, सांगायलाही पाहिजे, कारण नागपूरच्याच किती लोकांना हे शहर गोंड राजानं वसवलंय हे माहीत नसतं. पण उभं राहून पंधरा मिनिटं हेच सांगितलं तर ओढून आणलेला माणूस हातचा गेला. मी गांधी गेटला हे सांगते, तेही एका बाईच्या बाजूनं. जुन्या तटाचा जुम्मा दरवाजा तो हाच, जुम्मा तलाव म्हणजे आजचा गांधीसागर, तो चांद सुलतानच्या काळातला. चांद सुलतान वारला, वली शाहनं गादी बळकावली, तेव्हा चांद सुलतानच्या राणी रतनकुंवरनं वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. त्यांनी मदत केली, गादी राणीच्या पोरांना मिळवून दिली, राज्यात वाटा घेतला, पुढे त्या भावाभावांचं पटलं नाही अन् १७४३ च्या सुमारास सगळा कारभार रघुजींच्याच हाती. इथं थांबून मी विचारते, की तुम्ही राणीच्या जागी असता तर बोलावलं असतं का? दोघांपैकी एक जण हमखास 'नसतं' म्हणतो अन् दुसरा 'मग काय करणार होतास तू?' असं विचारतो, अन् पुढचा रस्ता ते दोघं स्वतःच बोलत जातात. मला काही करावं लागत नाही.

पळून जाण्याची गोष्टही कंटाळलेल्या माणसाला जागं करते. १८१७ ची सीताबर्डीची लढाई आप्पासाहेब भोसले हरले, पुढच्या वर्षी इंग्रज त्यांना कैद करून नेत असताना ते शिपायाचा वेश घालून निसटले, अन् इंग्रजांच्या हाती परत कधी लागले नाहीत, १८४० मध्ये जोधपूरला वारले. मोबाईलवाला माणूस इथं मान वर करतो, हे मी नेहमी पाहते.

एक प्रश्न येणारच, त्याची तयारी ठेवा. 'राजवाडा कुठाय?' लोकांना वाटतं महाल म्हणजे समोर महाल दिसेल. जुना भोसले राजवाडा काळ्या दगडाचा होता, लाकडी कोरीव कामानं भरलेला, तो १८६४ मध्ये जळाला, मोठा दरवाजा तेवढा उरला असं इंग्रजांच्या गॅझेटिअरात आहे. त्याच्या आधीच, १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले, मुलगा नव्हता, डलहौसीनं राज्य खालसा केलं, मग राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात काढले अन् दागिने विकायला कलकत्त्याला पाठवले. हे घाईनं सांगू नका. कोतवालीकडे गर्दीत उभं राहून सांगितलं तर हॉर्नमध्ये अर्धं जातं, एखाद्या मंदिराच्या आवारात बसवून सांगा. माइक-स्पीकर वापरू नका, गल्लीत स्पीकर लावला की लोकांना वाटतं निवडणूक आली.

बडकस चौकाकडे मी मारबतीचं सांगते अन् वॉकमध्ये सगळ्यात जास्त हशा तिथंच होतो. बाहेरच्या लोकांना माहीत नसतं, म्हणून थोडक्यात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी अन् पिवळी मारबत निघते, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, काळी १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची, सोबत बडगे, म्हणजे पुरुषी पुतळे. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत गावाबाहेर नेऊन जाळतात. काळीचा संबंध लोक भोसल्यांच्या राणी बाकाबाईंनी इंग्रजांशी हात मिळवला त्याच्याशी जोडतात, बाकाबाईंची बाजू वेगळी होती असंही सांगणारे आहेत, मी दोन्ही सांगते. मग खेळ. प्रत्येकानं आपल्या माणसाची एक सवय मारबतीसोबत पाठवायची. 'रात्री दोन वाजेपर्यंतच्या रील्स घेऊन जा गे मारबत.' 'दर गोष्टीत आमच्या आईला फोन लावणं घेऊन जा गे मारबत.' एका काकांनी चाळीस वर्षांच्या संसारानंतर 'कारल्याची भाजी' एवढंच म्हटलं अन् काकू वॉक संपेपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत. साखरपुडा झालेल्या जोडीसोबत मुलीची आई किंवा मोठी बहीण आली असेल (येतात, आपल्याकडे येतातच) तर हा खेळ टाळा.

आता वाडे. महालातले वाडे म्हणजे लोकांची घरं आहेत, तिथं दोरीवर कपडे वाळतात, कोणाचं म्हातारं माणूस पलंगावर असतं. परवानगी आदल्या दिवशी जाऊन घ्यायची, फोनवर नाही. 'काकाजी, उद्या सकाळी पाहुणे आणू का, अंगणातूनच पाहून जाऊ' एवढं विचारायचं, अन् काकाजी नाही म्हणाले तर नाही. पुढच्या वेळेस तेच बोलावतात. 'काय पाहून राहिले बाप्पा त्या जुन्या लाकडात?' असं म्हणणाऱ्या एका आजींनी पुढे स्वतःच तुळयांवरची फुलं, महिरपी अन् बाळंतिणीची खोली दाखवायला सुरुवात केली, आता माझ्यापेक्षा त्याच जास्त बोलतात. रिटायर जोडपी असली की त्यांना बोलू द्या, त्यातल्या कोणाचं तरी माहेर नाहीतर आजोळ अशाच वाड्यात होतं, जे आता रस्ता रुंदीकरणात नाहीतर बिल्डरकडे गेलंय. तेव्हा मधे तोंड घालून खांबाची शैली सांगायला जाऊ नका.

फोटोचा नियम कडक ठेवा, आधी ऐकायचं, मग फोटो. नाहीतर एक जण गोष्ट ऐकतो अन् दुसरा दहा फूट मागे जाऊन अँगल शोधत राहतो. प्री-वेडिंगवाले फोटोग्राफर घेऊन येतो म्हणतात, त्यांना सरळ नाही सांगा. संघाच्या मुख्यालयाकडे पोलीस बंदोबस्त असतो, तिकडे कॅमेरे खिशात. देवळांमध्ये आधी विचारायचं.

कॉलेजातली जोडपी आली की गल्लीतले लोक पाहतात, कधी काही बोलतातही. बाई म्हणून मला याचा फायदा होतो, मी पुढे होऊन 'काकू, इतिहासाचे विद्यार्थी आहेत' म्हणते, जे काही खोटं नाही, दोन तास तरी आहेतच. जोड्यांना आधीच सांगा की हा राहता मोहल्ला आहे, हातात हात ठीक, पुढचं फुटाळा तलावावर. अरुंद गल्लीत एकामागे एक चालवायचं, म्हणजे जोडी आपोआप तुटते, चौकात आलं की परत सोबत. वाटेत दोघं भांडले तर तुम्ही काहीच करायचं नाही, पाच मिनिटं चहाला थांबायचं, बस.

खाण्याचं शेवटी ठेवू नका, मधे ठेवा. तर्री पोहे मधल्या टप्प्यात आले की ओढून आणलेला माणूस पुढे चालायला तयार होतो. तर्री, म्हणजे तिखट रस्सा, बाजूला मागवा, पुण्या-मुंबईचे असले तर विशेष. संडासाची सोय हा सगळ्यात दुर्लक्षित विषय आहे, महालात फिरताना बायकांचे हाल होतात, अन् पुरुष गाइड हा विचारच करत नाहीत. स्टार्टलाच मेट्रो स्टेशनवर जाऊन यायला सांगा, मधे एखाद्या ओळखीच्या घरी नाहीतर हॉटेलात आधीच बोलून ठेवा.

शिक्षणाचं विचारता तर, केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचा ऑनलाइन टुरिस्ट फॅसिलिटेटरचा कोर्स आहे, तो करा, कार्ड असलं की पोलीस अन् मंदिरवाले नीट बोलतात. पण महाल त्यात नाही येणार. त्यासाठी अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ च्या सेंट्रल म्युझियममध्ये, वहीपेन घेऊन जा, नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास विभागातल्या लोकांना भेटा, १९०८ चं जिल्हा गॅझेटिअर वाचा. ऐकीव गोष्ट असली तर 'लोक सांगतात' म्हणून सांगा, ग्रुपमध्ये एखादे निवृत्त मास्तर असतातच अन् ते बायकोसमोर तुम्हाला पकडायची वाटच पाहत असतात. भाषेचंही पाहा, अर्ध्या जोड्यांमध्ये एक मराठी अन् एक हिंदीवाला असतो, नागपुरात हे नवीन नाही, दोन्हीत सांगता आलं पाहिजे अन् विनोद दोन्हीत जमला पाहिजे, नाहीतर एक हसतो अन् दुसरा 'क्या बोली?' विचारतो.

पैशाचं. बाहेरचे टुरिस्ट नागपुरात उतरतात अन् थेट ताडोबा नाहीतर पेंचला जातात, त्यांच्या भरवशावर बसू नका. माझं गिऱ्हाईक धरमपेठ, मनीषनगर, त्रिमूर्तीनगरचं, मिहानमधल्या कंपन्यांत नोकरी करणारी पोरंपोरी, सुट्टीत माहेरी आलेल्या लेकी अन् त्यांचे जावईबापू. महालात ते आयुष्यभर फक्त खरेदीला आलेले असतात. पैसे जोडीमागे घ्या, माणशी नाही, कारण माणशी घेतले की ऐन वेळी 'हे नाही येऊन राहिले, मी एकटीच येते, अर्धे परत द्या' सुरू होतं. अॅडव्हान्स घ्या. पाच जोड्यांच्या वर नको, वाड्याच्या अंगणात त्याहून जास्त लोक मावतात पण घरच्यांना त्रास होतो. ज्या घरात शिरता तिथं सणावाराला काहीतरी घेऊन जा, रोख देऊ नका, रोख दिले की पुढच्या गाइडसाठी रेट ठरतो. अन् फक्त यावर घर चालेल असं धरून नोकरी सोडू नका, चार महिन्यांचा सीझन आहे, बाकीचे आठ महिने मी ट्यूशन घेते.

ट्रायल घ्यायची असेल तर इतिहासाची आवड असलेल्या मित्रांना नेऊ नका, ते सगळ्यालाच छान म्हणतात. शेजारच्या नवरा-बायकोला न्या, त्यातही जो 'मी घरीच थांबतो' म्हणतो त्याला आधी गाठा.