आशियाई चषकात तिसऱ्या क्रमांकाचं गणित वहीत कसं मांडायचं

आशियाई चषक फुटबॉल स्पर्धा 7 जानेवारी ते 5 फेब्रुवारी 2027 या काळात सौदी अरेबियात आहे. 24 संघ, चार-चार संघांचे सहा गट, एकूण 51 सामने. भारत यात नाही. 14 ऑक्टोबर 2025 ला मडगावजवळच्या फातोर्ड्याच्या मैदानावर सिंगापूरकडून 1-2 हरलो आणि वाट बंद झाली. तरीही स्पर्धा पाहण्यासारखी आहे, आणि ती नीट समजायची असेल तर गटातल्या तिसऱ्या क्रमांकाचं गणित यायला हवं. प्रत्येक गटातले पहिले दोन संघ पुढे जातात हे सगळ्यांना माहीत असतं. सहा तिसऱ्यांपैकी चार पुढे जातात, आणि शेवटच्या फेरीतला खरा थरार तिथेच असतो.

एक वही घ्या आणि प्रत्येक गटाला एक पान द्या. पानाच्या वरच्या अर्ध्यात सहा सामने, तारखेनुसार. खाली तक्ता: गुण, केलेले गोल, खाल्लेले गोल, गोलफरक, कार्डं. विजयाचे 3 गुण, बरोबरीचा 1. सातवं पान फक्त तिसऱ्या क्रमांकांसाठी राखून ठेवा. ते पहिल्या दिवशी कोरं असलं तरी आखून ठेवा, कारण ज्या रात्री ते लागतं त्या रात्री आखायला वेळ नसतो.

पहिली चूक इथे होते: गुण सारखे झाले की लोक लगेच गोलफरक बघतात. आशियाई चषकात गटाच्या आत आधी आमनेसामनेचा निकाल बघतात. 2019 मध्ये ए गटात थायलंड आणि बहरीन दोघांचे 4 गुण होते. बहरीनचा गोलफरक 0, थायलंडचा उणे 2. तरी दुसरा आला थायलंड, कारण त्याने बहरीनला 1-0 हरवलं होतं. आमनेसामने बरोबरी झाली असेल, तरच गटातल्या सगळ्या सामन्यांचा गोलफरक, मग केलेले गोल, असं पुढे जायचं. फक्त दोघेच संघ बरोबरीत असतील आणि शेवटचा सामना त्यांच्यातच चालू असेल, तर तिथल्या तिथे पेनल्टी शूटआउट होतो. नाहीतर कार्डं मोजतात, आणि शेवटी चिठ्ठी.

तीन संघांचे गुण सारखे झाले तर वेगळा छोटा तक्ता मांडावा लागतो. त्यात फक्त त्या तिघांचे आपसातले तीन सामने घ्यायचे. चौथ्या संघाविरुद्धचे निकाल पेन्सिलीने सरळ खोडून टाका. ही पद्धत युरोपातल्या देशांच्या युरो स्पर्धेतही आहे, आणि तिचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण 2004 च्या युरोतलं आहे. स्वीडन, डेन्मार्क आणि इटली, तिघांचे 5 गुण. तिघांनीही बल्गेरियाला हरवलं होतं, ते सामने खोडले. उरले इटली-डेन्मार्क 0-0, इटली-स्वीडन 1-1, डेन्मार्क-स्वीडन 2-2. गुण सगळ्यांचे 2, गोलफरक सगळ्यांचा 0. मग आपसात केलेले गोल: स्वीडन 3, डेन्मार्क 2, इटली 1. इटली घरी गेली. छोट्या तक्त्यातून एक संघ वेगळा निघाला आणि दोन अजून अडकलेले असले, तर त्या दोघांसाठी आमनेसामनेपासून पुन्हा सुरुवात करायची. ही पायरी बहुतेक जण विसरतात आणि थेट गोलफरकावर उडी मारतात.

आता नऊ घरांचा तक्ता. प्रत्येक संघाचे दोन सामने झाले की गटात दोनच सामने उरतात. प्रत्येकाचे तीन निकाल शक्य, म्हणजे तीन गुणिले तीन, नऊ घरं. आडव्या ओळीत आपल्या संघाचा निकाल, उभ्या रांगेत दुसऱ्या सामन्याचा, आणि प्रत्येक घरात आपला क्रमांक. 2019 चा भारताचाच गट मांडून बघा, हात बसेल. दोन सामन्यांनंतर अमिराती 4 गुण, भारत 3, थायलंड 3, बहरीन 1. भारताने थायलंडला 4-1 हरवलं होतं आणि अमिरातीकडून 0-2 हरला होता. उरलेले सामने भारत-बहरीन आणि अमिराती-थायलंड.

भारत जिंकला, तर 6 गुण. अमिरातीही जिंकली तर आपण दुसरे, नाहीतर पहिले. थायलंड जिंकून 6 वर आला असता तरी आमनेसामने आपण वर.

भारताची बरोबरी, तर 4 गुण. अमिराती जिंकली किंवा तिथेही बरोबरी झाली, तर आपण दुसरे. थायलंड जिंकला, तर आपण आणि अमिराती दोघेही 4 वर, आणि अमिरातीने आपल्याला हरवलेलं, म्हणून तिसरे.

भारत हरला, तर 3 गुण. अमिराती जिंकली तर थायलंडही 3 वरच राहतो आणि आपण तिसरे. उरलेल्या दोन घरांत चौथे.

नऊपैकी फक्त दोन घरांत चौथा क्रमांक होता. अमिराती-थायलंड 1-1 सुटला. शारजात नव्वद मिनिटांपर्यंत भारत 0-0 वर होता, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या घरात. 91व्या मिनिटाला बहरीनला पेनल्टी मिळाली, गोल झाला, आणि आपण त्या दोन घरांपैकी एकात जाऊन पडलो. दुसऱ्या सामन्यात अमिराती जिंकली असती, तर त्याच 0-1 पराभवानंतरही 3 गुण आणि 0 गोलफरकावर भारत पुढे गेला असता. तक्ता हाताशी असेल तर हे सामना चालू असतानाच दिसतं.

सातव्या पानावरचा नियम मात्र वेगळा, आणि दुसरी मोठी चूक इथे होते. वेगवेगळ्या गटांतले तिसरे संघ एकमेकांशी खेळलेलेच नसतात, त्यामुळे आमनेसामने हा निकषच नाही. क्रम असा: गुण, गोलफरक, केलेले गोल, कार्डं, चिठ्ठी. म्हणून गटात निरुपयोगी वाटणारा गोल इथे कामी येतो. 0-2 ने हरत असताना 90व्या मिनिटाला मारलेला एक गोल फेकून देऊ नका. तिसऱ्या क्रमांकावर नजर असलेल्या संघाने तर कधीच नाही.

किती गुण पुरतात? याच रचनेत झालेल्या पाच स्पर्धा घ्या: 2016, 2020 आणि 2024 चे युरो, 2019 आणि 2023 चे आशियाई चषक. त्यांत मिळून 30 तिसरे संघ. 4 गुणांचे 12 होते, बाराही पुढे गेले. 2 गुणांचे 4, चारही बाहेर. राहिले 3 गुणांचे 14, त्यांतले 8 पुढे गेले. या चौदांत गोलफरक 0 असलेला एकही संघ अडकला नाही. 2016 चा पोर्तुगाल त्यातलाच, तीन बरोबऱ्या करून तिसरा आला आणि पुढे विजेता झाला. उणे 1 वाले तीन, त्यांतले दोन पुढे गेले. उणे 2 किंवा त्याहून वाईट असलेल्या सहांपैकी एकटा इंडोनेशिया वाचला. तेव्हा वहीत खूण करून ठेवा: 3 गुणांवर असाल तर गोलफरक 0 हवा. 4 गुण झाले म्हणून गटात चौथे येणारच नाही, असंही धरू नका. 2024 च्या युरोत ई गटातल्या चारही संघांचे 4 गुण झाले आणि गोलफरकावर युक्रेन चौथा राहिला.

कार्डांचा रकाना बहुतेक जण भरत नाहीत. पिवळ्याला 1, दोन पिवळी होऊन बाहेर गेल्यास 3, थेट लालला 3, आधी पिवळं आणि मग थेट लाल असेल तर 4. ज्याची बेरीज कमी तो वर. 2019 मध्ये व्हिएतनाम आणि लेबनॉन दोघांचे 3 गुण, दोघांचे गोल 4-5, सगळं जिथल्या तिथे. व्हिएतनामची पिवळी कार्डं 5, लेबनॉनची 7. लेबनॉनने शेवटच्या सामन्यात उत्तर कोरियाला 4-1 हरवूनही दोन कार्डांनी ते बाहेर पडले. पाचवा गोल झाला असता तर कार्डं मोजायची वेळच आली नसती. कार्ड दाखवलं की लगेच मांडा, सामन्यानंतर शोधत बसू नका.

शेवटच्या फेरीत एका गटाचे दोन्ही सामने एकाच वेळी सुरू होतात. एक टीव्हीवर, दुसऱ्याचा स्कोअर फोनवर, आणि नऊ घरांवर एक बटण किंवा नाणं ठेवा. गोल झाला की सरकवा. रियाधचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, तिथले रात्रीचे 8 म्हणजे आपल्याकडे साडेदहा. आखाती देशांत असलेल्या मराठी मंडळींना जागरण कमी.

गट वेगवेगळ्या दिवशी संपतात, त्यामुळे आधी संपलेल्या गटातल्या तिसऱ्याला वाट बघावी लागते, आणि उशिरा खेळणाऱ्याला नेमकं किती हवं ते माहीत असतं. 2023 च्या स्पर्धेत (नाव 2023 चं, खेळली गेली 2024 च्या सुरुवातीला) इंडोनेशिया 24 जानेवारी 2024 ला 3 गुण आणि उणे 3 वर थांबला. दुसऱ्या दिवशी ओमान जिंकला असता तर 4 गुणांवर पुढे गेला असता. ओमान 1-0 ने पुढे होता. 80व्या मिनिटाला किर्गिझस्तानने बरोबरी केली आणि इंडोनेशिया वाचला. म्हणून सातव्या पानावर प्रत्येक संघासमोर ‘संपलं’ किंवा ‘बाकी’ लिहा. बाकी असलेल्यांना किमान किती मिळू शकतं ते शेजारी पेन्सिलीने.

चार नावं ठरली की कोण कोणाशी खेळणार हे त्यांच्या गटांच्या अक्षरांवरून ठरतं. सहांतून चार निवडायचे 15 प्रकार होतात आणि त्या पंधराही जोड्या नियमपुस्तिकेत आधीच छापलेल्या असतात. ते कोष्टक वहीच्या मागच्या पानावर चिकटवा. 2019 मध्ये ए, सी, डी, एफ ही अक्षरं आली: बहरीन दक्षिण कोरियाकडे गेला, किर्गिझस्तान अमिरातीकडे, व्हिएतनाम जॉर्डनकडे, ओमान इराणकडे. त्यांतला एकटा व्हिएतनाम जिंकला, तोही पेनल्टींवर, आणि उपांत्यपूर्व फेरीत जपानसमोर जाऊन उभा राहिला.